मोशन कंट्रोलरवरचा रोबो मध्येच ऐकेनासा होतो आणि पळतच राहतो: कारणं आणि उपाय

"सर, बटण सोडलं तरी गाडी थांबत नाही." हे वाक्य मला कधी धुळ्याहून फोनवर ऐकू येतं, कधी शहाद्याहून, तर कधी आमच्याच प्रयोगशाळेच्या दारातून. हातातला कंट्रोलर पुढे झुकवला की गाडी पुढे, मागे ओढला की मागे, बाजूला कलवला की वळण. पहिल्या दिवशी सगळं छान चालतं. मग एके दिवशी गाडी शेवटची आज्ञा धरून बसते आणि भिंतीला धडकेपर्यंत पळते. बंद करून पुन्हा चालू केली की शहाण्यासारखी वागते, म्हणून मूळ दोष कोणी शोधत नाही. चार दिवसांनी पुन्हा तेच.

या दोषामागे मी आणि माझ्या तीन विद्यार्थ्यांनी अख्खा एक उन्हाळा घातला. जे सापडलं ते सविस्तर लिहितो. उदाहरण वी रिमोटचं, म्हणजे निन्टेंडोच्या वी या गेम-यंत्राच्या हातात धरायच्या कंट्रोलरचं आहे, पण दोषाचं मूळ कोणत्याही बिनतारी कंट्रोलरला लागू आहे.

गाडी कशी होती

चोपडा तालुक्यात माझ्या मामांची केळीची बाग आहे. घड कापला की मजूर तो खांद्यावर घेऊन बांधापर्यंत आणतो. ग्रँड नैन या केळीच्या वाणाचा घड सहज २०-२५ किलो भरतो, आणि पाणी दिलेलं असलं की काळ्या मातीत पाय रुततो. मामांचा उजवा खांदा आता साथ देत नाही. म्हणून दोन घड वाहून नेईल अशी एक बुटकी चारचाकी गाडी बनवायची ठरली. मागच्या दोन चाकांना मोटारगाडीच्या वायपरच्या १२ व्होल्टच्या मोटर, मोटरना वीज पुरवणारे दोन बीटीएस ७९६० ड्रायव्हर, त्यांना हुकूम देणारा आर्डुइनो हा छोटा नियंत्रक-बोर्ड, आणि त्याच्या वर ब्लूटूथ ऐकणारा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक (पुढे त्याला नुसतं "पाय" म्हणतो).

दोन काड्यांचा साधा गेमपॅड का नाही, असं बरेच जण विचारतात. घड कापणाऱ्याच्या एका हातात कोयता असतो आणि नजर झाडावर असते. दोन्ही अंगठे आणि दोन्ही डोळे मागणारं यंत्र त्याच्या कामाचं नाही. मनगट कलवणं त्याला शिकवावं लागत नाही. २००८ साली कॅल्गरी विद्यापीठात चेंग गुओ आणि एहुद शार्लिन यांनी सोनीचा आयबो हा रोबो-कुत्रा चालवण्यासाठी वी रिमोट-नंचक (नंचक म्हणजे रिमोटला वायरने जोडायचा छोटा जोड-कंट्रोलर) आणि साधा कीपॅड यांची तुलना केली होती. हाताच्या हालचालीने लोकांनी कामं लवकर पूर्ण केली. मामांच्या बाबतीत मी तेच पाहिलं. पाच मिनिटांत ते गाडी दोन सऱ्यांमधून नेऊ लागले.

आम्ही रिमोट कमरेच्या पिशवीत ठेवला आणि त्याला वायरने जोडलेला नंचक मामांच्या डाव्या हातात दिला. नंचक हलका असतो, त्यात स्वतःचा तीन अक्षांचा, कल ओळखणारा त्वरणमापक (ॲक्सेलरोमीटर) असतो, आणि बोटाखाली झेड नावाचं मोठं बटण असतं. नियम असा ठेवला की झेड दाबून धरलं तरच गाडी हलेल, सोडलं की थांबेल. सुरक्षेचा विचार झाला, असं तेव्हा वाटलं.

वैशाखातल्या एका दुपारी गाडी दोन झाडं पुढे गेली, मामा वळले, कमरेवरून हाताकडे जाणारी वायर ओढली गेली. मामांनी झेड सोडलं. गाडी थांबली नाही. ठिबकची नळी ओरबाडत ती सरळ गेली आणि घड लागलेल्या एका झाडावर आदळली. माणूस कोणी वाटेत नव्हतं, हे नशीब. मामा एवढंच म्हणाले, "भाचा, हाई गाडी तुनं काही ऐकस नही रे."

ते अगदी बरोबर बोलले होते. गाडीला काही ऐकूच येत नव्हतं, आणि ऐकू येत नसताना काय करायचं हे आम्ही तिला सांगितलंच नव्हतं.

बटण सोडूनही गाडी का पळते

प्रोग्रामच्या आत काय चालतं ते डोळ्यासमोर आणा. कंट्रोलरकडून एक अहवाल येतो: झेड दाबलेलं, कल २० अंश पुढे. प्रोग्राम हे दोन आकडे चलांमध्ये (व्हेरिएबलमध्ये) ठेवतो. दुसरीकडे एक फेरा सेकंदाला ५० वेळा फिरतो, चलांमधले आकडे उचलतो आणि चाकांना वेग देतो. आता अहवाल येणंच थांबलं तर? चलांमध्ये शेवटचे आकडे तसेच राहतात. प्रोग्रामच्या लेखी झेड अजून दाबलेलंच आहे. तुम्ही बोट उचललं ही बातमी त्याच्यापर्यंत पोचलेलीच नाही.

म्हणजे "दाबून धरा" हे सुरक्षा-बटण एकट्याने काहीच वाचवत नाही. ते सोडल्याची बातमीसुद्धा त्याच तुटलेल्या वाटेने यायची असते. बहुतेक जण इथे चुकतात. आम्हीही चुकलो.

त्यानंतर आम्ही नेहमीचे खेळ केले. रिमोट बदलला. सेल बदलले. जळगावहून नवा ब्लूटूथ डोंगल आणला. दरवेळी दोन दिवस गाडी नीट चालायची आणि आम्हाला वाटायचं की सुटलं. कधीमधी येणारा दोष वस्तू बदलून शोधू नका. प्रत्येक बदलानंतर तो दोन दिवस येत नाही, कारण तो तसाही दोन दिवस येत नसतो.

आधी नोंद, मग दुरुस्ती

गाडी केळीच्या दोन कॅरेटवर उचलून ठेवा, चाकं अधांतरी राहू द्या. मग प्रोग्राममध्ये एकच भर घाला: कंट्रोलरकडून आलेला प्रत्येक अहवाल, त्याचा प्रकार आणि तो आल्याची मिलिसेकंदातली वेळ एका फाइलमध्ये लिहायची. फाइल प्रत्येक ओळीनंतर कार्डावर उतरली पाहिजे, नाहीतर वीज गेल्यावर नेमक्या हव्या त्या ओळी हरवतात. नीट चालत असताना आमच्याकडे सेकंदाला ९० ते १०० अहवाल यायचे. दोष आला की फाइलचं शेपूट बघायचं.

आम्हाला तिथे तीन वेगवेगळी चित्रं दिसली. पहिल्या चित्रात अहवाल एकदम थांबलेले, रिमोटवरचा निळा दिवा मात्र लागलेला, आणि शेवटचा अहवाल नेहमीपेक्षा वेगळ्या प्रकारचा. दुसऱ्यात अहवालांमधलं अंतर वाढत गेलेलं: १० मिलिसेकंदांवरून १००, मग ४००, आणि मग एकदम वीस-तीस अहवालांचा लोंढा. तिसऱ्यात फाइलच मध्ये तुटलेली आणि खाली पाय नव्याने सुरू झाल्याच्या ओळी. बाहेरून तिन्ही वेळा गाडी सारखीच वागली होती. कारणं तीन होती, म्हणून एकावरचा उपाय टिकत नव्हता.

पहिलं चित्र: नंचकचा प्लग

याला आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागला. वी रिमोटच्या शेपटाला काहीही जोडलं किंवा काढलं की रिमोट न विचारता एक स्थिती-अहवाल पाठवतो. त्याचा क्रमांक सोळाच्या (हेक्साडेसिमल) पद्धतीत २०; पुढचे असे क्रमांक आणि पत्तेही त्याच पद्धतीतले. आणि तो पाठवल्यावर नेहमीचे अहवाल पाठवणं बंद करतो. तुम्ही क्रमांक १२ चा संदेश पाठवून "कोणत्या प्रकारचे अहवाल हवेत" हे पुन्हा सांगेपर्यंत तो गप्प राहतो. ब्लूटूथ तुटलेलं नसतं, दिवा चालू असतो, सगळं ठीक दिसतं. गाडी मात्र बहिरी झालेली असते.

प्लग पूर्ण निसटायलाही लागत नाही. वायर ओढली, संपर्क क्षणभर सुटला आणि परत लागला, तरी हेच होतं. आमच्या रचनेत वायर कमरेपासून हातापर्यंत दिवसभर ताणली जात होती. दोष आम्हीच रोज ओढून आणत होतो.

तुमच्याकडे हेच आहे का, ते एका मिनिटात कळतं. चाकं अधांतरी ठेवून झेड दाबा, चाकं फिरू द्या आणि नंचकचा प्लग हलवा. अहवाल थांबले आणि शेवटची नोंद २० ची असली, तर हेच.

उपाय असा: २० क्रमांकाचा अहवाल न मागता आला की त्या क्षणी चाकांचा वेग शून्य करा, मग १२ चा संदेश पुन्हा पाठवा. नंचक परत जोडला गेला असेल तर त्यालाही नव्याने जागं करावं लागतं: ए४००एफ० या पत्त्यावर ५५ आणि ए४००एफबी या पत्त्यावर ०० लिहायचं. तयार लायब्ररी वापरत असाल तर हे काम ती करते की नाही ते स्वतः प्लग हलवून तपासा. आमचा प्रोग्राम मुलांनी शिकण्यासाठी मुळापासून लिहिला होता, त्यात हे नव्हतं.

इथे आणखी एक सापळा आहे. नंचकच्या झेड आणि सी बटणांचे बिट उलटे असतात. दाबलं की ०, सोडलं की १. अहवाल येण्याआधी प्रोग्राममधली जागा शून्यांनी भरून ठेवायची सवय बहुतेकांना असते. नंचकच्या बाबतीत त्या शून्याचा अर्थ "झेड दाबलेलं आहे" असा होतो. आमच्या गाडीने सुरू होताच एकदा झटका मारला होता, तो यामुळे.

नंचकच्या प्लगला रिमोटची मनगटाची दोरी अडकवायला एक छोटा हूक असतो. नंचक ठेवणारच असाल तर तो वापरा. आम्ही शेवटी नंचक काढूनच टाकला. आता मामांच्या हातात थेट रिमोट असतो आणि झेडच्या जागी रिमोटच्या पोटाखालचं बी बटण. एक जोड कमी झाला की त्याचे सगळे दोषही गेले. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

दुसरं चित्र: केळीची पानं आणि माणसाचं अंग

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि या लहरी पाण्यात शोषल्या जातात. केळीचं पान आणि खोड म्हणजे पाण्याने भरलेली भिंतच. माणसाचं शरीरही तसंच. रिमोट कमरेला, माणूस पाठमोरा आणि मध्ये चार केळी, असं झालं की प्रयोगशाळेत १० मीटरवर चालणारा रिमोट बागेत ५ मीटरवर अडखळू लागतो. मैदानात चाचणी घेऊन "चालतं" म्हणणाऱ्यांनी एकदा बागेत किंवा उसात चाचणी घ्यावी.

ब्लूटूथ हरवलेला निरोप पुन्हा पुन्हा पाठवतं. म्हणून निरोप बहुतेक वेळा हरवत नाही, उशिरा येतो. मग वीस निरोप एकदम येतात, आणि प्रोग्राम ते एकेक करून वाचत बसला तर गाडी अर्ध्या सेकंदापूर्वीच्या हुकुमांवर चालत राहते. चालवणारा घाबरून उलट हुकूम देतो, तो रांगेत मागे जाऊन बसतो. यावर उपाय सोपा आहे: प्रत्येक फेऱ्यात रांग पूर्ण रिकामी करा आणि फक्त शेवटचा अहवाल वापरा. एक काळजी मात्र घ्या. रांगेतल्या एकाही अहवालात बटण सुटलेलं दिसलं तर थांबा, शेवटच्यात ते दाबलेलं असलं तरी.

काही जण म्हणतात, "जोडणी तुटल्याची सूचना आली की आम्ही मोटर बंद करतो." ती सूचना किती उशिरा येते ते बघा. ब्लूटूथच्या जोडणीला एक देखरेख-मुदत असते. तेवढा वेळ समोरून काहीच आलं नाही तरच जोडणी तुटली असं मानलं जातं. तिचं मूळ मूल्य २० सेकंद आहे. आमची गाडी सेकंदाला ८० सेंटिमीटर चालते. २० सेकंदांत १६ मीटर. पाच फुटांवर एक झाड धरलं तर दहा झाडं ओलांडून गेल्यावर प्रोग्रामला कळणार की रिमोट गेला. ती सूचना सुरक्षेसाठी वापरू नका.

जोडणी सुधारण्यासाठी आम्ही तीन गोष्टी केल्या. पायवरचं वायफाय बंद केलं, कारण पाय ३ वर वायफाय आणि ब्लूटूथ एकच चिप आणि एकच अँटेना वापरतात. गाडीवरून व्हिडिओ पाठवायला लागलो की रिमोटचे अहवाल रखडायचे. व्हिडिओ हवाच असेल तर ५ गिगाहर्ट्झ असलेलं मॉडेल घ्या. दुसरं, बाहेरचा यूएसबी डोंगल एक्स्टेन्शन केबलने लोखंडी सांगाड्यापासून दूर, दीड फुटाच्या पीव्हीसी नळीच्या टोकावर बसवला. पाय ४ असेल तर डोंगल निळ्या पोर्टात लावू नका, काळ्या पोर्टात लावा. यूएसबी ३ चा गोंगाट याच २.४ गिगाहर्ट्झवर पडतो. आणि तिसरं, रिमोट कमरेवरून हातात आला, हे वर सांगितलंच.

तिसरं चित्र: वीज

चाक काळ्या मातीत रुतलं की वायपरची मोटर भरमसाट करंट ओढते, बॅटरीचा दाब खचतो आणि पाय मरतो. पायला ४.६३ व्होल्टच्या खाली वीज मिळाली की तो कमी दाबाची नोंद लॉगमध्ये करतो, ती शोधा. पायला वेगळी वीज द्या, किमान वेगळा चांगला कन्व्हर्टर आणि जाड वायर द्या, म्हणजे हे थांबतं.

पण लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे द्यायला हवं. पाय मेला तेव्हा आर्डुइनो जिवंत होता. त्याला मिळालेला शेवटचा हुकूम "पुढे" होता, आणि तो इमानदारीने पाळत राहिला. पाय पुन्हा उठायला अर्धा-पाऊण मिनिट. तेवढा वेळ चाकं फिरतच होती.

खरा उपाय कुठे बसवायचा

तिन्ही कारणं दुरुस्त केली तरी चौथं कुठलं तरी उरलेलंच असणार. म्हणून शांततेचा अर्थच बदलायला हवा: नवा हुकूम आला नाही तर थांब. हा नियम चाकांच्या सर्वांत जवळ, म्हणजे आर्डुइनोमध्ये बसला पाहिजे. ३०० मिलिसेकंदांत नवा हुकूम आला नाही तर दोन्ही मोटर शून्यावर. आमच्या वेगाला ते २४ सेंटिमीटर पडतं. वायपर मोटरच्या आत वर्म गिअर असतो, त्यामुळे वीज बंद झाली की चाक लगेच थांबतं, घरंगळत नाही. तुमच्या मोटरला तसा गिअर नसेल तर उतारावर ब्रेकचा वेगळा विचार करा.

हे बसवलं आणि तिसऱ्याच दिवशी गाडी पुन्हा पळाली. इथे जरा थांबून वाचा, कारण ही चूक मी नंतर दुसऱ्यांच्या प्रकल्पातही पाहिली आहे.

आर्डुइनो पायकडून येणाऱ्या हुकुमांवर नजर ठेवत होता. पायचा फेरा सेकंदाला ५० वेळा हुकूम पाठवत होता, रिमोटकडून काही आलं असो वा नसो. रिमोट गप्प झाला तरी पाय जुनाच आकडा नव्या निरोपात घालून पाठवत राहिला. पहारेकऱ्याला वाटलं, निरोप येतोय, सगळं क्षेम आहे. पहारा होता, पण चुकीच्या दारावर.

म्हणून प्रत्येक हुकुमासोबत एक मोजणीचा आकडा पाठवा. तो आकडा फक्त रिमोटकडून नवा अहवाल आल्यावरच एकने वाढवायचा, फेऱ्यात कधीच नाही. आर्डुइनोने निरोप आला की नाही हे बघायचं नाही, आकडा बदलला की नाही हे बघायचं. आता रिमोट, ब्लूटूथ, पाय, मधली वायर, यांपैकी काहीही मेलं तरी आकडा थिजतो आणि चाकं थांबतात. आमचा दोष खऱ्या अर्थाने गेला तो या बदलाने.

हे केल्यावर काहींची गाडी आचके देऊ लागेल. घाबरू नका, ते वेगळं आहे. १२ च्या संदेशात ०४ हा बिट लावला नसेल तर वी रिमोट फक्त काही बदललं तरच अहवाल पाठवतो. त्वरणमापक चालू असताना हाताच्या बारीक थरथरीमुळे आकडे सतत बदलतात आणि हे लपून राहतं. फक्त बटणांचे अहवाल मागितले असतील तर बटण दाबून धरल्यावर काहीच बदलत नाही, म्हणून काहीच येत नाही, आणि पहारेकरी बरोबरच गाडी थांबवतो. ०४ लावा, अहवाल अखंड येतील.

थांबलेली गाडी आपोआप पुन्हा चालू होऊ देऊ नका. जोडणी परत आली, बटण अजून दाबलेलंच आहे, आणि समोर उभा माणूस गाडी का थांबली ते वाकून बघतोय, असा प्रसंग येतोच. आमच्याकडे बटण एकदा सोडून पुन्हा दाबल्याशिवाय गाडी हलत नाही. शिवाय गाडीच्या मागच्या बाजूला, पळत जाऊन हात पोचेल असं लाल मश्रूम बटण आहे, जे मोटरची वीजच तोडतं. ते कुठल्याही प्रोग्रामवर अवलंबून नाही.

गाडी एका बाजूला ओढते, ही दुसरी तक्रार

ही वेगळी गोष्ट आहे, पण लोक दोन्ही एकत्र सांगतात म्हणून थोडक्यात. त्वरणमापक गुरुत्वाकर्षणाची दिशा बघून कल सांगतो. रिमोट सपाट धरून नुसता डावीकडून उजवीकडे फिरवला तर गुरुत्वाची दिशा बदलत नाही, म्हणून त्याला काही कळत नाही. वळणासाठी कलवावंच लागतं. बरेच जण मनगट फिरवतात आणि रिमोट खराब आहे म्हणतात.

कोणाचाही हात नैसर्गिकपणे अगदी सपाट नसतो. मामांचा दहा-बारा अंश आत वळलेला असतो. म्हणून शून्य स्थिती आधीच पक्की ठेवू नका. बटण दाबलं त्या क्षणी हात जसा असेल तेच शून्य माना आणि तिथून पुढचा फरक मोजा. दोन्ही बाजूंना ८ अंशांपर्यंत काही करू नका. एवढ्याने आमची निम्मी तक्रार गेली.

चालता चालता हाताला बसणारे झटकेही त्वरणच आहेत, त्वरणमापकाला ते कलापासून वेगळे ओळखता येत नाहीत. तिन्ही अक्षांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढा. हात स्थिर असेल तर ते १ जी (गुरुत्वाकर्षणाएवढं त्वरण) च्या जवळ येतं. ते ०.८ ते १.२ च्या बाहेर गेलं तर त्या अहवालातला कल सोडून द्या, पण मोजणीचा आकडा वाढवा, कारण रिमोट जिवंत आहे. उरलेली थरथर साध्या गाळणीने जाते: नवा आकडा २० टक्के, जुना ८० टक्के. सेकंदाला १०० अहवाल असतील तर याने साधारण ४० मिलिसेकंदांचा उशीर येतो, तो हाताला जाणवत नाही. ५ टक्के आणि ९५ टक्के केलं की गाडी सुस्त वाटू लागते. आणि रिमोटची थरथर-मोटर वापरत असाल तर ती चालू असेपर्यंत कल वाचू नका.

वी रिमोटचा मोशनप्लस हा जोड, किंवा जॉयकॉन, ड्युअलशॉक ४ असे दुसरे गेम-कंट्रोलर वापरणाऱ्यांकडे जायरोस्कोप असतो. तो फिरण्याचा वेग सांगतो, पण त्याचं शून्य तापमानाबरोबर सरकतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो. पंख्याखाली शून्य घेतलेला कंट्रोलर बांधावर उन्हात अर्धा तास राहिला की गाडी न सांगता वळू लागते. कंट्रोलर जिथे वापरायचा तिथेच दोन सेकंद स्थिर ठेवून शून्य घ्या आणि तो पुन्हा स्थिर दिसेल तेव्हा शून्य सुधारत राहा. वी रिमोटच्या पुढच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याने दिशा धरण्याचा विचार शेतासाठी सोडून द्या, सूर्यप्रकाशात तो आंधळा होतो.

जोडणीच होत नाही म्हणणाऱ्यांसाठी: वी रिमोट जुन्या पद्धतीचं, म्हणजे क्लासिक ब्लूटूथ बोलतो. ब्लूटूथ असलेल्या मूळ ईएसपी ३२ या नियंत्रक-चिपला ते येतं. एस ३ आणि सी ३ या नव्या प्रकारांना फक्त कमी-ऊर्जेचं ब्लूटूथ येतं, त्यांना हा रिमोट दिसणारच नाही. आर्डुइनोला लावायच्या एचसी-०५ या ब्लूटूथ मॉड्यूलशीही तो जोडला जात नाही. दुकानात नुसतं "ईएसपी ३२ द्या" म्हणू नका, प्रकार बघून घ्या.

बागेत नेण्याआधी

आम्ही आता रोज सकाळी गाडी कॅरेटवर ठेवून चार गोष्टी करतो. चाकं फिरत असताना रिमोटचे सेल काढतो. मग पुन्हा फिरवून पायची वीज काढतो. मग पाय आणि आर्डुइनो यांच्यामधली वायर उपसतो. शेवटी रिमोट हातात घेऊन, बी दाबून, पाठ करून चालत केळीत शिरतो आणि एकजण चाकांवर नजर ठेवतो. चारही वेळा तोंडाने "एक" म्हणून होईपर्यंत चाकं थांबली पाहिजेत. नाही थांबली तर त्या दिवशी गाडी बांधावरच राहते आणि घड खांद्यावर जातात, मामांच्या नाही, आमच्या.